दिसला तो संपला : काळ्या पतंगाची पावणेदोनशे वर्षं

कातळकडा

परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "इंग्लंडात धूर वाढला तसा पतंगांनी आपला रंग काळा करून घेतला." शाळेत आपण बहुतेक सगळे असंच शिकलो. दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती'चा धडा आला की माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही हेच सांगतात. पण या एका वाक्यात नैसर्गिक निवड उलटी टांगली जाते, म्हणून त्यावर वेगळा धागा काढतोय.

या पतंगाने, म्हणजे मॉथने, काहीच करून घेतलं नाही. पांढरा जन्मला तो पांढराच मेला, फक्त लवकर मेला. काळा जन्मला तो काळाच राहिला आणि अंडी घालण्याइतका किंवा मादी गाठण्याइतका टिकला. बदललं ते वस्तीतलं काळ्या-पांढऱ्यांचं प्रमाण, कुठलाही एक पतंग नव्हे. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

पतंगाचं शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलॅरिया. पंख पसरून पाचएक सेंटिमीटर, पांढरट, त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. रात्री उडतो, दिवसा पंख सपाट पसरून झाडाच्या सालीला चिकटून बसतो. ज्या झाडांवर बसतो त्यांच्यावर दगडफूल वाढलेलं असायचं, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच प्रकारचं. पांढऱ्या-करड्या दगडफुलावर हा पतंग बसला की शोधूनही सापडत नाही.

मग मँचेस्टर आणि आसपास कोळशावरच्या गिरण्या आल्या. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने दगडफूल मेलं आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसली. 1848 मध्ये मँचेस्टरला या पतंगाचा एक पूर्ण काळा नमुना मिळाल्याची नोंद आहे. 1895 पर्यंत तिथले शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते. वर्षाला एकच पिढी असते, म्हणजे हे सगळं पन्नासच्या आत पिढ्यांमध्ये घडलं. इंग्लिश कीटकतज्ज्ञ जे. डब्ल्यू. टट यांनी 1896 मध्ये सांगितलं की हे काम पक्ष्यांचं असावं. 1924 मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणित मांडलं : इतक्या वेगाने पालट व्हायचा तर काळ्याची टिकून पिल्लं मागे ठेवण्याची शक्यता पांढऱ्याच्या साधारण दीडपट हवी. त्या काळी निवड इतकी कडक असू शकते यावर फार जणांचा विश्वास नव्हता.

तो विश्वास बसवायचं काम ऑक्सफर्डच्या बर्नार्ड केटलवेल यांनी केलं. पतंगाच्या पंखाखाली, पक्ष्याला दिसणार नाही अशा जागी, रंगाचा ठिपका द्यायचा, पतंग रानात सोडायचे आणि रात्री दिव्याच्या सापळ्यात पुन्हा किती येतात ते मोजायचं. 1953 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात 447 काळे सोडले, त्यातले 123 परत मिळाले. 137 पांढरे सोडले, परत आले 18. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हाच प्रयोग केला, तर चित्र बरोबर उलटं : 496 पांढऱ्यांपैकी 62 परत, 473 काळ्यांपैकी फक्त 30. पतंग त्याच जातीचे, पक्षीही तसेच. फरक फक्त सालीचा.

मला मात्र या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि पुस्तकात नेमका तोच दोन ओळींत उरकतात. लंडनच्या 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. धूर उतरला, हळूहळू दगडफूल परतलं आणि काळा पतंग मागे हटू लागला. लिव्हरपूलजवळ विरलमध्ये सर सिरिल क्लार्क यांनी 1959 पासून वर्षानुवर्षं एकाच जागी सापळा लावला. सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून जास्त पतंग काळे होते, शतक संपता संपता ते दहा टक्क्यांच्याही खाली आले. काळेपणा म्हणजे 'प्रगती' असती तर तो मागे फिरला नसता. निवडीला पुढे-मागे काही नसतं. आज, या झाडावर, या पक्ष्याच्या डोळ्याला कोण दिसतो एवढाच प्रश्न असतो.


मृण्मयी_के

फार छान लिहिलंय. एक शंका. निवड झाली हे पटलं, पण निवडायला पहिला काळा पतंग आला कुठून? तो काजळीमुळेच काळा झाला नसेल कशावरून?


कातळकडा

@मृण्मयीताई, अगदी मुद्द्याचा प्रश्न. 1920 च्या दशकात हीच शंका गंभीरपणे मांडली गेली होती. काजळी बसलेली पानं खाऊन अळ्यांमध्ये बदल होतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, असा दावा इंग्लिश जीवशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. हेस्लॉप हॅरिसन यांनी केला. इतरांच्या प्रयोगात तो टिकला नाही.

खरं उत्तर 2016 मध्ये मिळालं. लिव्हरपूल विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकात जवळपास 22 हजार अक्षरांचा डीएनएचा एक तुकडा येऊन बसलाय. हा जागा बदलणारा तुकडा आहे. स्वतःच्या प्रती काढत जनुकसंचात कुठेही शिरतो. शिरताना बाहेर धूर आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्यांच्या हिशोबाने ही घटना 1819 च्या सुमाराची, म्हणजे पहिली नोंद होण्याच्या तीसएक वर्षं आधीची. स्वच्छ रानात असाच काळा पतंग जन्मला असता तर पक्ष्याने तो लवकर उचलायची शक्यता जास्त होती. इथे तो काजळलेल्या सालीवर बसला.

अजून एक बारकावा. काळेपणाचं जनुक प्रभावी आहे, एकच प्रत असली तरी पतंग काळा होतो. त्यामुळे पहिल्या काळ्याची निम्मी पिल्लं लगेच काळी, म्हणून प्रसार झपाट्याने झाला. आणि पांढऱ्याचं जनुक काळ्या पतंगांच्या आत लपून राहू शकलं. पांढरे दोन टक्क्यांवर आले तरी त्यांचं जनुक संपलं नव्हतं. दगडफूल परतल्यावर पांढरे परत आले त्यात या लपलेल्या साठ्याचाही वाटा आहे.


निशाचर_पुणे

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. पुस्तकातले ते प्रसिद्ध फोटो मेलेले पतंग खोडाला चिकटवून काढलेत. हे पतंग खोडावर बसतच नाहीत असंही वाचलंय. म्हणजे उत्क्रांतीचा सगळ्यात गाजलेला पुरावाच बनावट निघाला ना? यावर तुमचं मत वाचायला आवडेल.


कातळकडा

@निशाचर, यावर सविस्तरच लिहितो, कारण अर्धी माहिती सगळीकडे फिरते आणि पुढचा भाग कुणी सांगत नाही.

फोटो रचलेले होते हे खरं. काळा आणि पांढरा पतंग एकाच खोडावर शेजारी शेजारी दाखवायचा तर दुसरा उपाय नव्हता. पण निष्कर्ष फोटोवरून काढलेला नव्हता, तो आला पुन्हा पकडलेल्या पतंगांच्या मोजणीतून. शिवाय पक्षी पतंग टिपताना प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी चित्रीकरणही केलं होतं.

केटलवेल यांच्या पद्धतीत मात्र खरे दोष होते. त्यांनी पतंग दिवसा सोडले, म्हणजे जागा निवडायला रात्र मिळालीच नाही. एकाच जागी फार पतंग सोडले, त्यामुळे पक्ष्यांना तिथे आयतं ताट मिळतंय हे कळलं असणार. हे दोष कुणी उत्क्रांतीविरोधकाने शोधले नाहीत. ते केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी 1998 मध्ये सविस्तर मांडले आणि त्यांचा स्वतःचा निवडीवर पूर्ण विश्वास होता. त्यावर वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. मजेरस भांडत बसले नाहीत. 2001 पासून त्यांनी केंब्रिजमध्ये स्वतःच्या बागेत प्रयोग पुन्हा सुरू केला.

प्रयोगाची रचना वाचली तेव्हा मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर वाटला. फांदीभोवती जाळीची पिशवी. रात्री त्यात एक पतंग सोडायचा, त्याला हवी ती जागा त्याने घ्यायची. पहाट व्हायच्या आत जाळी काढायची. उजाडल्यावर चार तासांनी पतंग जागेवर आहे की नाही बघायचं. काळ्या-पांढऱ्यांचं प्रमाण रानात असतं तेवढंच, गर्दी नाही. असे सहा वर्षांत 4,864 पतंग. सोबत दुर्बीण घेऊन कोणता पक्षी कुणाला उचलतो याची नोंद. नऊ जातींचे पक्षी खाताना दिसले. हे पक्ष्यांचं नसून वटवाघळांचं काम असेल का, हेही त्यांनी तपासलं. वटवाघळं काळा-पांढरा असा भेद करत नाहीत.

निकाल असा की त्या स्वच्छ बागेत काळ्याची एक दिवस टिकण्याची शक्यता पांढऱ्याच्या 91 टक्के होती. दिवसाला नऊ टक्क्यांचा तोटा. ऐकायला किरकोळ, पण पतंग काही दिवस जगतो आणि रोज ही परीक्षा असते. त्याच सहा वर्षांत तिथल्या काळ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून सुमारे एक टक्क्यावर आलं. खोडावर पतंग बसतच नाहीत, हेही चूक ठरलं. त्यांनी नैसर्गिकपणे बसलेले जे पतंग शोधले त्यातले निम्म्याहून थोडे जास्त फांद्यांवर होते, पण साधारण एक तृतीयांश खोडावरच होते.

जानेवारी 2009 मध्ये मजेरस गेले. निबंध लिहून व्हायचा होता. चार सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी घेऊन तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. बनावटपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा शेवटही सांगावा एवढीच माझी विनंती आहे.


निशाचर_पुणे

हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. मजेरस यांच्याबद्दल आणखी वाचतो.


दूरदेशी

मी लिव्हरपूलला असते, म्हणून चार ओळी. इथे जुन्या दगडी इमारती धुऊन काढल्यात, पण काही भिंतींवर काजळीचा थर अजून दिसतो, त्यावरून तेव्हाची झाडं कशी असतील याची कल्पना येते. बर्चच्या खोडांवर आता करडं-हिरवं दगडफूल भरपूर आहे.

या पतंगाच्या अळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. ती हुबेहूब काटकी दिसते. मागच्या पायांनी फांदी पकडून अंग ताठ तिरकं ठेवते. आणि गंमत म्हणजे अळी मात्र खरोखर रंग बदलते, तपकिरी काटकीवर तपकिरी, हिरव्या काटकीवर हिरवी. इथल्याच विद्यापीठात 2019 मध्ये दाखवलं की डोळे रंगाने झाकले तरी तिला काटकीचा रंग कळतो, कारण ती त्वचेनेही रंग ओळखते. म्हणजे एकाच जिवात दोन्ही तऱ्हा : अळी आयुष्यात रंग जुळवते, पतंगाला जन्मजात मिळेल तो रंग.


शर्वरी_डोंबिवली

@दूरदेशी, बघितलंच पाहिजे हे! आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात अळ्या येतात. आधी मी त्यांना पक्ष्याची शीटच समजायचे. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पानाच्या मधोमध बिनधास्त बसलेली. पुसायला फडकं घेतलं की कळायचं ही हलतेय. काही दिवसांनी तीच अळी हिरवीगार होते. हेही छद्मावरणच (आजूबाजूच्या रंगात मिसळून लपणं) ना? की सोंग?


कातळकडा

@शर्वरी, ती बहुतेक कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी, लिंबू आणि कढीपत्ता ही तिची झाडं. लहान असते तोवर शीटेएवढीच असते, म्हणून शीटेचं सोंग खपतं. शेवटची कात टाकताना ती इतकी मोठी होते की एवढी शीट कुठल्याच चिमणीची नसते. मग पानाचा हिरवा. मागे उरलेलं सोंग आता तिला पकडवून देईल.

आणि बघा धागा कुठे जाऊन जुळतो. विरलमध्ये पतंग मोजणारे सिरिल क्लार्क पेशाने डॉक्टर. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला देतात त्या अँटी-डी इंजेक्शनच्या शोधात त्यांच्या गटाचा मोठा हात आहे. त्यांचा छंद मात्र फुलपाखरांची आनुवंशिकता आणि त्यांनी आनुवंशिकीतज्ज्ञ फिलिप शेपर्ड यांच्यासोबत अभ्यासलेल्या फुलपाखरांत तुमच्या कढीपत्त्यावरचं कॉमन मॉर्मनही होतं. या फुलपाखराची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखी. दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमझन रोजसारखी. ही दोन्ही 'रोज' फुलपाखरं विषारी, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. विष नसलेली मॉर्मन मादी त्यांचा वेश घेऊन वाचते. हे सगळं वेषांतर 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हातात आहे हे 2014 मध्ये सिद्ध झालं आणि त्या निबंधाचे पहिले लेखक बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कृष्णमेघ कुंटे.


वाईचे_आप्पा

मंडळी, शास्त्र तुम्ही सांगा, मी पाहिलेलं सांगतो. टिटवी आमच्या माळावर उन्हाळ्यात चार अंडी घालते. घरटं असं काही नाही, मुरमात जरा खळगा आणि भोवती खडे. अंडी मातकट, त्यावर काळे डाग, टोकं सगळी आत वळलेली. जागा माहीत असूनही नजर जरा हलली की पुन्हा शोधायला लागतं. टिटवी मात्र डोक्यावर ओरडत दुसरीकडे नेऊ बघते.

दुसरं म्हणजे साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडा. पाठ अगदी तिथल्या कातळाची. पण एप्रिल-मे मध्ये नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा, काळा, नारिंगी. मैलभरावरून दिसावा असा. एवढं लपायचं आणि मग असं उघडं पडायचं, हे कसं काय?


मृण्मयी_के

@आप्पा, तुमच्या त्या सरड्यावर फार सुंदर काम झालंय. नाव सराडा सुपर्बा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की निवड एकाच डोळ्याची नसते. वर घिरट्या घालणाऱ्या शिकाऱ्याला दिसू नये आणि समोरच्या मादीला दिसावं, दोन्ही हवं. म्हणून रंग गळ्याखाली, घडी करून ठेवलेला. उघडला तेवढाच धोका.

चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांजवळची आणि त्यांच्यापासून दूरची जागा ताडून पाहिली (2018). पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी फारच कमी, दूरच्या जागेच्या साधारण चौथा हिस्सा. तिथे सरडे जास्त, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आणि माणसाला ते बरंच जवळ येऊ देतात. पण गर्दीमुळे अन्नाची ओढाताण, म्हणून अंगाने हडकुळे आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके.


कातळकडा

@मृण्मयीताई, उत्तम उदाहरण. फक्त इथे 'निवड झाली' असं म्हणायची घाई नको. रंग फिका झाला तो उपासमारीमुळे त्याच सरड्याच्या आयुष्यात झाला असू शकतो, म्हणजे दूरदेशींच्या अळीसारखा बदल. पिढ्यांमधून जनुकं बदलली की नाही हे वेगळं तपासावं लागेल. पतंगाच्या बाबतीत ते तपासून झालंय, म्हणून तिथे मी ठामपणे बोलतो.

@आप्पा, टिटवी अंड्याला साजेशी जागा निवडते का, असा प्रश्न मला कायम पडतो. झांबियामध्ये रातवे, धाविक आणि टिटव्यांच्या कुळातले पक्षी यांच्यावर असा अभ्यास झाला (2017). त्यात पक्षी स्वतःच्या रंगाला, नक्षीला किंवा अंड्यांना जुळेल अशीच जमीन निवडताना दिसले. जातीपुरतं नव्हे, एकेका पक्ष्यापुरतं.


टोरांटोकर

उशिरा आलो, पण इथलं उदाहरण द्यायलाच हवं. स्नोशू हेअर नावाचा ससा. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. केस कधी बदलायचे ते दिवसाच्या लांबीवर ठरतं, बर्फावर नाही. आता बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो, पण दिवस लहान-मोठा व्हायचं वेळापत्रक तेच. परिणामी पांढराशुभ्र ससा तपकिरी पाचोळ्यात बसलेला. मोंटानामध्ये रेडिओ पट्टे लावून अभ्यास केला, तर अशा विजोड सशाची आठवडाभर टिकण्याची शक्यता सात टक्क्यांपर्यंत कमी होते. आणि सशाला स्वतःचा विजोडपणा कळत नाही, तो जास्त लपत वगैरे नाही. पतंगाला पन्नास पिढ्या मिळाल्या. सशाला वेळ मिळेल का?


कातळकडा

@टोरांटोकर, काही सशांना मिळेल. पॅसिफिक किनाऱ्याकडे, जिथे बर्फ कमी, तिथे हिवाळ्यातही तपकिरी राहणारे स्नोशू हेअर आधीपासून आहेत. त्यांचं केसांचा रंग ठरवणारं 'अगूटी' जनुक काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट या दुसऱ्या सशाशी झालेल्या जुन्या संकरातून आलंय असं 2018 मध्ये दिसलं. म्हणजे पर्याय अस्तित्वात आहे. तो पांढऱ्या सशांच्या प्रदेशात पसरायला मधली रानं सलग राहायला हवीत.

त्याच वर्षी वन्यजीवशास्त्रज्ञ स्कॉट मिल्स यांच्या गटाने ऋतूप्रमाणे रंग बदलणाऱ्या प्राण्यांचे असे प्रदेश नकाशावर काढले, जिथे एकाच जातीत हिवाळी पांढरे आणि हिवाळी तपकिरी दोघंही राहतात. ससे, कोल्हे, आणि मुंगसासारखे दिसणारे लांबुडके वीझल. निवडायला दोन्ही रंग हाताशी असलेल्या याच जागा आधी राखा, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यातल्या बऱ्याच जागा आज संरक्षित नाहीत. तो नकाशा मिळाला की इथे डकवतो.